पुठ्ठ्याचा हँगर, सुटणारा हुक: कुर्ता-जॅकेटच्या दुकानासाठी केलेला एक आराखडा

गरज अशी आहे. पुरुषांचे कुर्ते आणि जॅकेट विकणारं एक दुकान पुण्यात आहे आणि त्याची शाखा रत्नागिरीत आहे. कपडा विकला की हँगर त्याच्याबरोबरच पिशवीत जातो, कारण गिऱ्हाईक तो मागतं. सध्याचा हँगर काळ्या पॉलिस्टायरिनचा आहे. त्यात लोखंडी हुक कायमचा बसवलेला असतो आणि मानेवर साइझचा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. पहिली मागणी १,००० हँगरची आहे. हँगरवर सगळ्यात जड चढतं ते कुर्ता आणि त्यावर जॅकेट, दोन्ही मिळून साधारण ९०० ग्रॅम. दुकानातला पाइप २५ मिमीचा आहे. अट एकच घातली आहे: हँगर पुनर्वापरात जाणाऱ्या पदार्थाचा असावा, आणि तो प्रत्यक्षात तिथे पोचावाही.

अटीचा दुसरा भाग बहुतेक ठिकाणी विसरला जातो. पॉलिस्टायरिन वितळवून पुन्हा वापरता येतं, म्हणजे कागदावर तोही पुनर्वापराचाच पदार्थ. तरी भंगारवाला हा हँगर घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. हुक उपसायला पक्कड आणि वेळ लागतो. काळ्या रंगामुळे आणि पॉलीप्रोपिलीनच्या तशाच दिसणाऱ्या हँगरमुळे कुठलं प्लॅस्टिक ते डोळ्यांनी कळत नाही. नगाचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, त्यामुळे इतकी खटपट करून हाती काही लागत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत कान कोरायच्या काड्या, स्ट्रॉ, प्लेट, पेले, चमचे आहेत, हँगर नाही. म्हणून दुकानदारावर कायद्याचा दट्ट्या नाही. जे करायचं ते स्वतःहून करायचं आहे.

तेव्हा हा आराखडा रद्दीवाल्याच्या काट्यापासून उलटा सुरू केला आहे. तिथे हँगर पोचला की पाच सेकंदांत, कुठलंही हत्यार न लागता, त्याचे ‘पुठ्ठा’ आणि ‘लोखंड’ असे दोन ढीग झाले पाहिजेत. पुण्यात १९९३ पासून संघटित असलेल्या, कचरा वेचणाऱ्यांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद असोत की गावातला हातगाडीवाला, सगळे माल हातानेच निवडतात. हातांनी सुटत नाही ते डंपरमध्ये जातं.

पदार्थ निवडताना काय बाद झालं

गव्हाच्या काडाचा म्हणून विकला जाणारा हँगर सर्वांत आधी बाद. त्यात काडाचा भुसा पॉलीप्रोपिलीनमध्ये कालवलेला असतो. तो धड कुजत नाही आणि धड वितळवताही येत नाही, कारण भुसा यंत्रात करपतो. दिसायला सर्वांत हिरवा असलेला हा माल पुनर्वापराच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, लाकडी हँगरही तसाच. त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा राळ आणि वर लॅकर असतो, तो कागद गिरणीतही चालत नाही आणि लाकडाच्या वखारीतही. मखमली हँगरमध्ये प्लॅस्टिकवर डिंकाने लव चिकटवलेली असते, त्यामुळे तोही गेला. बांबू उत्तम आणि टिकाऊ, पण तो दहा वर्षं एकाच कपाटात राहणार असेल तर. पिशवीतून घरी जाणाऱ्या हँगरसाठी त्याचं सामर्थ्य वाया जातं.

तारेचा हँगर मात्र चटकन बाद करता येत नाही. २.३ मिमी जाडीची एक मीटर तार लागते, वजन जेमतेम ३३ ग्रॅम होतं आणि भंगारात तिला हमखास गिऱ्हाईक असतं. इस्त्रीवाल्यासाठी तोच योग्य. पण जॅकेटच्या खांद्यात ती तार रुतते, आणि नुसती तार दुकानात टांगायला दुकानदार तयार होत नाही.

उरला पुठ्ठा. रद्दीच्या साखळीत तो आधीपासूनच आहे. प्रत्येक गावात त्याला भाव आहे, आणि तो ओळखायला कुठल्याही खुणेची गरज नाही.

वजनाने मोडत नाही, पिळल्याने मोडतो

पहिला विचार साहजिकच असा येतो की हुकासकट अख्खा हँगर एकाच पुठ्ठ्यातून कापावा. एकच पदार्थ, सोडवायची भानगड नाही. कागदावर हिशोबही जुळतो. ९०० ग्रॅम म्हणजे साधारण ९ न्यूटन, एका खांद्यावर साडेचार. सगळं ओझं खांद्याच्या अगदी टोकाला, मध्यापासून २०० मिमीवर आहे असं वाईटात वाईट धरलं, तरी मध्यावर येणारा वाकवणारा जोर ८८० न्यूटन-मिमी होतो. ५ मिमी जाड आणि ३६ मिमी खोल पुठ्ठ्यात त्याने जेमतेम ०.८ मेगापास्कल (दर चौरस मिमीला ०.८ न्यूटन) ताण येतो. साधा ग्रे बोर्ड, म्हणजे रद्दीपासून केलेला करडा पुठ्ठा, लांबीच्या दिशेने दहाच्या आसपास सहन करतो. मग असे हँगर दुकानात आठवड्याभरात का मोडतात?

गिऱ्हाईक कसं वागतं ते पाहिलं की कारण कळतं. पाइपवर कपडे दाटीने लावलेले असतात. माणूस खांदा धरून हँगर स्वतःकडे फिरवतो, कारण त्याला कुर्त्याची पुढची बाजू बघायची असते. लोखंडी हुक फिरतो. पुठ्ठ्याचा सपाट हुक फिरू शकत नाही, तो पाइपला अडतो आणि मान पिळली जाते. खांद्याच्या टोकाला फक्त ५ न्यूटन, म्हणजे अर्धा किलो उचलायला लागतो तेवढा जोर लावला, तर २५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड मानेवर सुमारे साडेपाच मेगापास्कलचा कातर ताण (थर एकमेकांवर सरकवणारा) येतो. वजनाने येतो त्याच्या सातपट. आणि तो अशा ठिकाणी येतो जिथे पुठ्ठा मुळातच दुबळा असतो. पुठ्ठा म्हणजे एकावर एक दाबलेले थर. ते उचकटायला लांबीच्या ताणशक्तीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी बळ पुरतं. त्यामुळे मान तुटत नाही, कापलेल्या कडेपासून तिचे थर सुटू लागतात. कड आधी पिसारते, मग मान लुळी पडते आणि हँगर पुढे झुकतो.

जाडी वाढवून हे काही अंशी थोपवता येतं. पण मानेची जाडी ९-१० मिमी झाली की हुक पाइपवर चढवणं अवघड होतं, पाइपवर कमी कपडे मावतात आणि वजन वाढतं. म्हणून इथे निर्णय असा घेतला: हुक लोखंडाचा, फिरणारा आणि हाताने सुटणारा. जिथे कपडा टांगून दाखवायचाच नाही, फक्त खोक्यातून पाठवायचा आहे, तिथे मात्र अखंड पुठ्ठ्याचा हँगर बिनदिक्कत वापरावा.

लोखंडी हुकाचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. पुठ्ठ्याचा ताव घेतला आहे ३१ × ४१ इंची, म्हणजे ७८७ × १०४१ मिमी. हुकासकट आकार सरळ लावला तर एका तावात दहा बसतात. उलटसुलट लावून थोडे वाढतात, इतकंच. हुक काढून टाकला की उरतो उलट्या व्हीसारखा आकार. त्याची खालची कड वरच्या कडेला नेमकी समांतर ठेवली की एकात एक बसतात.

आकार आणि मापं

रुंदी ४३० मिमी. जॅकेटच्या खांद्याच्या शिवणीच्या दीड-दोन सेंटीमीटर आत टोक संपलं पाहिजे. ते शिवणीबाहेर गेलं तर बाहीवर टेंगूळ येतं आणि तो कपडा विकताना इस्त्री करावा लागतो. खांद्याचा उतार २० अंश. मधून टोकापर्यंत ७८ मिमी उतरतो. पट्टीची उभी खोली सगळीकडे ३६ मिमी. टोकांना १५ मिमी त्रिज्येची गोलाई. टोकदार कोपरा आधी चेमटतो आणि मग धाग्यात अडकतो.

तावावर ४१ इंचाच्या बाजूने दोन रांगा बसतात, आणि प्रत्येक रांगेत ३९ मिमी अंतराने अठरा, म्हणजे एका तावात ३६. मध्ये ३ मिमी जागा पंचिंगच्या, म्हणजे साच्याने आकार कापायच्या, पात्यासाठी सोडलेली आहे. लहान मुलांचा ३४० मिमीचा हँगर करायचा झाला तर त्याच तावात तीन रांगा बसतात. दुकान दोन्ही मापं घेत असेल तर आधी मुलांचं माप पक्कं करावं, कारण बचत तिथे जास्त आहे.

थर तीन आहेत. पुढचा १.५ मिमी, मधला २ मिमी, मागचा १.५ मिमी, मिळून ५ मिमी. दोन जाड थरांपेक्षा तीन थर बरे, कारण मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखंच ओलं चिकटद्रव्य लागतं आणि वाळताना हँगर एका अंगाला वळत नाही. शिवाय हुकासाठी लागणारी खोबण थरांतच करता येते, वेगळं कोरकाम करावं लागत नाही.

तावात तंतूंची दिशा असते, आणि हँगरचे दोन्ही बाहू त्याच दिशेने असावे लागतात. म्हणजे तंतू ४१ इंचाच्या बाजूला हवेत. उलट दिशेचा ताव आला तर बाहू साधारण दुप्पट लवतात. पुठ्ठा विकणारा ही दिशा (‘ग्रेन’) सांगत नसेल तर तावाच्या दोन्ही दिशांनी २०० × २५ मिमीच्या पट्ट्या कापाव्यात, एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरावं आणि दुसऱ्या टोकाला सारखंच वजन लावावं. कमी लवते ती पट्टी तंतूंच्या दिशेची. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका तावावर हे करावं, कारण एकाच गठ्ठ्यात दोन्ही दिशांचे ताव येण्याचे प्रकार होतात.

हुकाची जागा: सगळा आराखडा इथे अडतो

हुक १० गेजच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, तारेचा आहे, म्हणजे ३.२५ मिमी. नगाला १५५ मिमी तार लागते, वजन १० ग्रॅम. वरचा वाक आतून ३५ मिमी असावा, म्हणजे २५ मिमीच्या पाइपवर तो सहज चढतो. खालच्या टोकाला खिळ्यासारखं ८ मिमी व्यासाचं डोकं ठोकलेलं असतं. खिळे बनवणाऱ्या कारखान्यात हे काम होतं.

पुठ्ठ्याच्या मधोमध, वरच्या कडेपासून १२ मिमी खाली, ९ मिमी रुंद आणि १० मिमी उंच खिडकी तिन्ही थरांतून आरपार कापली आहे. या खिडकीपासून वरच्या कडेपर्यंत मधल्या थरात ४ मिमी रुंद खाच आहे आणि मागच्या थरात ३ मिमी रुंद. पुढच्या थराला खाच नाही. हुक मागून लावतात. डोकं खिडकीत घालायचं आणि दांडी खाचेत दाबायची. तार ३.२५ मिमी आणि मागची खाच ३ मिमी, त्यामुळे ती टिचकीसारखी आत बसते. मधल्या थरात तिला ४ मिमी जागा मिळते, म्हणून ती मोकळेपणी फिरते. मधला आणि मागचा थर मिळून ३.५ मिमी होतात, म्हणजे तार पृष्ठभागाच्या आत राहते आणि कपड्याला लागत नाही. ओझं नेहमी डोक्यावर वरच्या दिशेने येतं, मागच्या दिशेने कधीच येत नाही. त्यामुळे वापरात हुक निसटत नाही आणि मागे ओढला की लगेच सुटतो.

डोकं ८ मिमीच का? तार जेवढी जागा घेते त्यापलीकडे उरलेल्या कडेवर सगळं ओझं दाबतं. ९ न्यूटनला काही होत नाही. पण हँगर ओढून काढताना ४०-५० न्यूटनचे झटके बसतात आणि ५ मिमीचं बारीक डोकं मधल्या थरात रुतत जातं. काही दिवसांनी हुक सैल होऊन डुगडुगू लागतो.

खाचेमुळे मात्र नवीच अडचण उभी राहते, आणि ती चित्रात दिसत नाही. ओझ्याने बाहू खाली येतात तेव्हा हँगरच्या मध्यावर वरची कड ताणली जाते. नेमकी तिथेच तीनपैकी दोन थरांत खाच आहे. ताण वाहायला एकटा पुढचा दीड मिमीचा थर उरतो. फक्त तोच काम करतो असं धरलं तर मघाचा ०.८ मेगापास्कल ताण २.७ होतो. कोरड्या हवेत हे चालेल. पण हवेत ९० टक्के आर्द्रता असली की पुठ्ठ्याची ताकद ढोबळमानाने निम्मी होते, आणि सतत टांगून ठेवलेल्या ओझ्याखाली महिनोन् महिने टिकण्यासाठी त्या निम्म्यातलीही साधारण ५५ टक्केच धरायची असते. दहाचे झाले पाच, आणि पाचाचे पावणेतीन. म्हणजे रत्नागिरीच्या आषाढात हा हँगर मोडण्याच्या अगदी काठावर उभा आहे. शिवाय खाच एकाच बाजूला असल्यामुळे तो मागच्या बाजूला उघडू पाहतो.

खोली वाढवली तर तावातली बैठक बिघडते. खाच अरुंद केली तर हुक फिरत नाही. उपाय निघाला तो खोकी बंद करायच्या, पाण्याने चिकटणाऱ्या क्राफ्ट (मजबूत तपकिरी कागदाच्या) पट्टीत. हुक बसवल्यावर खाचेवर आडवी, खिडकीच्या वरच्या भागावर, १२ मिमी रुंद आणि ६० मिमी लांब पट्टी लावायची. तिचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे ताणाच्याच दिशेने. मध्यावरच्या ८८० न्यूटन-मिमीला २५ मिमीची तरफ धरली तर पट्टीवर ३५ न्यूटन येतात. १०० ते १२० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) क्राफ्ट पट्टी एवढ्या रुंदीत याच्या दुप्पट सहज पेलते. रद्दीवाल्याकडे अंगठ्याने हुक मागे ओढला की पट्टी मध्येच फाटते. ती कागदाचीच आहे आणि तिचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ती पुठ्ठ्याबरोबर गिरणीत गेली तरी चालते. इथे पारदर्शक सेलोटेप लावायची नाही. तिचा चिकट थर लगद्यात विरघळत नाही, त्याचे गोळे होतात आणि नव्या कागदावर डाग पडतात. याच कारणासाठी साइझचं स्टिकरही नको. पाण्यावर आधारित शाईचा शिक्का पुरतो.

खांदा

५ मिमीची कड जॅकेटच्या खांद्यावर रेघ पाडते. ४०० जीएसएमच्या क्राफ्ट बोर्डची टोपी करून ती सुटते: १२० मिमी लांब आणि ७० मिमी रुंद तुकडा, मधला ३० मिमीचा भाग खांद्यावर सपाट आणि दोन्ही बाजूंना २० मिमीच्या घड्या खाली. घड्यांवरची जीभ हँगरच्या पुठ्ठ्यातल्या चिरेत अडकते, डिंक लागत नाही. नगाला दोन टोप्या, मिळून ७ ग्रॅम. नुसता सुती कुर्ता असेल तर टोपी नको. पुठ्ठा मुळात प्लॅस्टिकइतका गुळगुळीत नसतो, त्यामुळे कुर्ता घसरतही नाही. पायजम्यासाठी आडवी दांडी मागतात. ती या हँगरला देऊ नये, कारण व्हीच्या पोटातली जागा गेली की एकात एक बसवण्याचा सगळा फायदा जातो.

चिकटवणं आणि वाळवणं

खळ सर्वांत स्वस्त आणि गिरणीला सर्वांत सोयीची. पण खळीने कपाटात कसर आणि झुरळं येतात. बाइंडर लोक त्यासाठी तिच्यात मोरचूद घालत, तो पांढऱ्या कुर्त्याजवळ ठेवायची वस्तू नव्हे. म्हणून पांढरं पीव्हीए (पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक) वापरायचं, आणि त्यातही साधं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारं पीव्हीए वाळल्यावर पाण्यात फुटत नाही, मग गिरणीच्या हौदात थर सुटत नाहीत. पावसाळ्यासाठी ते घेण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि ओल कडेवरच अडवावी.

मात्रा चौरस मीटरला १०० ग्रॅम. एका हँगरच्या दोन सांध्यांना मिळून ३ ग्रॅम लागतं. यापेक्षा जास्त लावलं की कडेतून बाहेर येतं, खाचेत उतरतं आणि हुक फिरेनासा होतो. ब्रशने समान बसत नाही, रबरी रोलर घ्यावा. आधी पंचिंग आणि मग चिकटवणं, हाच क्रम पाळावा. ५ मिमीचा जोडलेला पुठ्ठा लहान पंचिंग मशीनवर नीट कापला जात नाही, पातं शिरताना खालचा थर चेपतो आणि कड तिरकी येते. तीन थर तीन डायने (कापायच्या साच्यांनी) वेगळे कापायचे आणि लाकडी साच्यात खिडकीच्या मापाच्या खुंटीवर ओवून जोडायचे. खुंटीला आणि खाचेच्या जागी मेण लावून ठेवावं. मेण साच्यालाच, पुठ्ठ्याला नाही.

पंचिंगमध्ये हमखास त्रास देते ती ३ मिमीची खाच. तिचा काप पात्यांमध्ये अडकून बसतो आणि दहा-बारा ठोक्यांनंतर पुढचे तुकडे चेमटतात. त्या पात्यांमध्ये नेहमीचा स्पंज पुरत नाही, कडक रबराचा तुकडा बसवून घ्यावा.

जोडलेले हँगर २५-२५ च्या थप्पीत, वर-खाली सपाट प्लाय ठेवून, रात्रभर वजनाखाली ठेवावेत. उन्हात ठेवू नयेत. वरचा थर आधी आकसतो आणि थप्पीच्या वरचे चार-पाच हँगर कायमचे वळतात. पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाहीत, दुसऱ्या दिवशी सुटे करून पंख्याखाली उभे करावे लागतात.

डाग, धूळ आणि ओल

ग्रे बोर्ड मिश्र रद्दीचा असतो, त्यात जुनी शाई असते. दमट हवेत पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर करडी छटा येऊ शकते, आणि असा एक कुर्ता परत आला की दुकानदार पुन्हा प्लॅस्टिककडे वळेल. म्हणून बाहेरच्या दोन्ही थरांवर चांगली साइझिंग केलेला (पाणी चटकन न शोषणारा) १२० जीएसएमचा तपकिरी क्राफ्ट कागद असलेलाच ताव घ्यावा. नसेल तर पंचिंगच्या आधी ताव मढवून घ्यावेत. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नये. ते करताच रद्दीच्या दृष्टीने तो पुठ्ठा राहत नाही.

ओल पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून कितीतरी जास्त शिरते. सगळी कड १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, एकास एक पाणी घातलेल्या साध्या पीव्हीएचा एक हात द्यावा. त्याने कडेचे तंतू बसतात आणि काळ्या जॅकेटवर कागदाची भुकटीही येत नाही. हुकाच्या बाबतीत रत्नागिरीसाठी ३०४ स्टेनलेस सुचवतात. गंजाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण त्याला चुंबक नीट लागत नाही, म्हणून पुठ्ठ्यात राहून गेलेला हुक पुढे चुंबकाने सहज सापडत नाही. जीआय तारेवरचा जस्ताचा थर दुकानाच्या आतल्या हवेत पुरतो. फक्त कापलेलं टोक उघडं राहतं, ते डोकं ठोकल्यावर आणि वाकवल्यावर रंगात बुडवून घ्यावं.

१,००० नगांचं सामान

१.५ मिमीचे ५६ ताव आणि २ मिमीचे २८ ताव. पंचिंगची नासधूस धरून ५९ आणि ३० मागवावेत. दीड मिमीचा ग्रे बोर्ड साधारण ९५० जीएसएम आणि दोन मिमीचा १,२५० जीएसएम धरला, तर नासधूस सोडून सगळा पुठ्ठा ७२ किलो होतो. त्यातले ४९ किलो हँगरमध्ये जातात, २३ किलो कात्रण उरतं. ते स्वच्छ, एकाच जातीचं असल्याने रद्दीत वेगळं द्यावं. पीव्हीए ३ किलो सांध्यांना, कडांसाठी आणखी अर्धा किलो. तार १५५ मीटर, म्हणजे १० किलो. क्राफ्ट पट्टी ६० मीटर. मढवायचा क्राफ्ट कागद आणि टोप्यांचा बोर्ड वेगळा.

टोप्यांसकट एक हँगर ६५-७० ग्रॅम भरतो, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकच्या हँगरच्या साधारण दुप्पट. हे दुकानदाराला आधीच सांगावं, कारण वाहतुकीचं वजन वाढतं. आणि हेही सांगावं की दुकानात धडधाकट असलेले प्लॅस्टिकचे हँगर फेकायचे नाहीत. ते आतल्या गोदामात तुटेपर्यंत वापरायचे. नवे हँगर फक्त विक्रीबरोबर बाहेर जाणाऱ्या कपड्यांना लावायचे.

माल स्वीकारण्यापूर्वीच्या चाचण्या

प्रयोगशाळा लागत नाही. बंद पेटीत साध्या मिठाचं गाळ उरेल इतकं घट्ट द्रावण उघड्या थाळीत ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास थांबते. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने ती ८५ च्या आसपास राहते. हँगर आधी दोन दिवस रिकामा पेटीत टांगावा, म्हणजे ओल आतपर्यंत जाते. मग तिप्पट ओझं, २.७ किलो, ८५ टक्क्यांत सात दिवस. कुठलंही टोक १० मिमीपेक्षा जास्त उतरलं, किंवा क्राफ्ट पट्टीला सुरकुती आली, तर तो गठ्ठा नाकारावा. सुरकुती म्हणजे पट्टी खालच्या कागदावर नीट बसली नव्हती. लावताना पाणी जास्त झालं, किंवा खाली पीव्हीए सांडलेलं होतं.

फिरवण्याची चाचणी अशी: हुक पकडीत घट्ट धरून हँगर ९० अंश डावी-उजवीकडे ५०० वेळा फिरवायचा. खाचेच्या वरच्या तोंडाशी कड पिसारली तर मधली खाच ४ मिमीपेक्षा अरुंद कापली गेली आहे. डाय तपासावी.

डागाची चाचणी: पांढरा सुती कपडा ओला करून पिळायचा, खांद्यावर २४ तास ठेवायचा आणि वाळवून उजेडात बघायचा. पिवळट किंवा करडी रेघ आली तर मढवलेला कागद खराब आहे, किंवा कडेला पीव्हीएचा हात द्यायचा राहिला आहे.

शेवटची चाचणी लगद्याची, आणि हीच दुकानदाराने स्वतः उभं राहून बघावी. हुक काढलेल्या हँगरचे टोपी आणि पट्टीसकट तुकडे करायचे. त्यातले ५० ग्रॅम दोन लिटर कोमट पाण्यात तासभर भिजवून मिक्सरमध्ये, झेपेल तितके थोडेथोडे, मिनिटभर फिरवायचे आणि पिठाच्या चाळणीवर ओतून भरपूर पाण्याने धुवायचे. चाळणीवर फक्त थोड्या तंतूंच्या गाठी राहाव्यात. पापुद्रा, रबरासारखा चिकट गोळा किंवा न फुटलेला थर दिसला तर कुणीतरी लॅमिनेशन, स्टिकर किंवा ‘वॉटरप्रूफ’ पीव्हीए वापरलं आहे.

हुक परत येण्याची सोय काउंटरवरच करावी: एक खोकं, आणि त्यावर हुक मागे ओढायचं दोन चित्रांचं चिटुकलं. परत आलेला हुक सरळ आहे ना ते तपासून पुन्हा बसवता येतो. वाकलेला असेल तर ३५ मिमीच्या ठोकळ्यावर हाताने सरळ होतो. डोकं झिजलेलं किंवा तारेवर लाल गंज दिसला तर भंगारात. न आलेल्या हुकांची भरपाई म्हणून पुढच्या मागणीत तार पूर्णच धरावी, आणि दोन-तीन मागण्यांनंतर खोक्यात किती जमतात ते मोजून मगच ती कमी करावी.